हरित पक्ष : धरणविरोधापासून मंत्रिमंडळापर्यंत

टास्मानिया हे ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेचे बेट. त्याच्या नैऋत्येला डोंगरांच्या मध्ये पेडर नावाचे सरोवर होते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की त्याच्या काठी गुलाबी छटेच्या वाळूचा रुंद पट्टा उघडा पडे. १९५५ मध्ये या परिसराला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला होता. तरीही १९६० च्या दशकाच्या अखेरीस राज्याच्या जलविद्युत आयोगाने ते सरोवर धरणाच्या पाण्याखाली घालायचे ठरवले. मजूर पक्ष धरणाच्या बाजूने होता आणि लिबरल पक्षही. मग सरोवर वाचवू पाहणाऱ्यांनी निवडणुकीत मत द्यायचे तरी कोणाला? मार्च १९७२ मध्ये होबार्टच्या टाउन हॉलमध्ये जाहीर सभा भरली आणि तिच्यातून ‘युनायटेड टास्मानिया ग्रुप’ उभा राहिला. पुढच्याच महिन्यात झालेल्या निवडणुकीत त्याला एकही जागा मिळाली नाही. सरोवरही बुडाले. हरित राजकारणाचे अभ्यासक मात्र जगातला पहिला हरित पक्ष म्हणून याच गटाचे नाव घेतात.

त्याला आता पन्नासहून अधिक वर्षे झाली. या काळात हरित पक्षांनी परराष्ट्रमंत्री दिले, एका देशाला पंतप्रधान दिला आणि युरोपच्या ऊर्जा धोरणावर कायमचा ठसा उमटवला. काही देशांत ते एका निवडणुकीत शिखरावर पोचले आणि पुढच्या निवडणुकीत जवळपास पुसले गेले. हा चढउतार समजून घेताना पेडर सरोवराच्या वेळची परिस्थिती फार उपयोगी पडते. मोठे पक्ष एखाद्या प्रश्नावर एकाच बाजूला उभे राहतात तेव्हा राजकारणात एक जागा रिकामी होते. हरित पक्ष त्या जागेत जन्मतात. ती जागा दुसऱ्या कोणी भरली, किंवा तिथे बसण्याची किंमत मतदाराला जड वाटू लागली, की त्यांचा पाय घसरतो.

सुरुवातीची वर्षे

१९७२ हे साल योगायोगाने आलेले नव्हते. त्याच वर्षी ‘क्लब ऑफ रोम’साठी तयार झालेला ‘लिमिट्स टू ग्रोथ’ हा अहवाल प्रसिद्ध झाला आणि जूनमध्ये स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरणावरची पहिली मोठी परिषद भरली. न्यूझीलंडमध्ये मे महिन्यात वेलिंग्टनच्या विद्यापीठात ‘व्हॅल्यूज पार्टी’ स्थापन झाली. राष्ट्रीय पातळीवर लढणारा हा पहिला हरित पक्ष. पाठोपाठ इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीत ‘पीपल’ नावाचा छोटा पक्ष निघाला. तोच पुढे इकॉलॉजी पार्टी आणि १९८५ पासून ग्रीन पार्टी झाला. फ्रान्समध्ये १९७४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत रने द्युमाँ हे कृषितज्ज्ञ उभे राहिले. दूरचित्रवाणीवर हातात पाण्याचा पेला धरून त्यांनी पाणी दुर्मीळ होणार असल्याचा इशारा दिला. त्यांना सव्वा टक्क्याच्या आसपास मते पडली, पण फ्रेंच मतदाराने पर्यावरणाचा उमेदवार पहिल्यांदा पाहिला.

राष्ट्रीय संसदेचे दार स्वित्झर्लंडमध्ये उघडले. १९७९ मध्ये डॅनियल ब्रेलाझ तिथे निवडून आले. दोन वर्षांनी बेल्जियममध्ये फ्रेंच भाषकांचा ‘एकोलो’ आणि डच भाषकांचा ‘आगालेव्ह’ या दोन्ही पक्षांनी संसदेत जागा मिळवल्या.

या सगळ्यांच्या पाठीशी सर्वांत मोठे बळ होते ते अणुऊर्जेच्या विरोधाचे. पश्चिम जर्मनीत व्हील या गावी १९७५ मध्ये द्राक्षबागायतदार, शेतकरी आणि फ्रायबुर्गचे विद्यार्थी यांनी मिळून अणुप्रकल्पाची जागा ताब्यात घेतली आणि प्रकल्प शेवटी रद्द झाला. ऑस्ट्रियात बांधून तयार असलेला त्स्वेंटेनडॉर्फचा प्रकल्प १९७८ च्या सार्वमतात अगदी थोड्या फरकाने नाकारला गेला. तो कधीच सुरू झाला नाही. स्वीडनमध्ये १९८० च्या अणुऊर्जा सार्वमतानंतर पुढच्याच वर्षी हरित पक्ष स्थापन झाला. या देशांत बहुतेक प्रस्थापित पक्ष अणुऊर्जेच्या बाजूने झुकलेले होते. टास्मानियातली रिकामी जागा इथेही होती.

जर्मनी : चळवळीचे पक्षात रूपांतर होण्याची कसोटी

‘दी ग्र्यूनेन’ हा पक्ष जानेवारी १९८० मध्ये कार्ल्सरूए येथे स्थापन झाला. शांततावादी, स्त्रीवादी, अणुविरोधी, जुने डावे आणि निसर्गरक्षणाची आस्था असलेले काही परंपरावादीही त्यात होते. पर्यावरण, सामाजिक न्याय, तळातून चालणारी लोकशाही आणि अहिंसा हे चार आधारस्तंभ ठरले. अहिंसेचा विचार मांडताना पक्षाच्या एक संस्थापक पेत्रा केली या गांधी आणि मार्टिन ल्यूथर किंग यांची नावे आवर्जून घेत. १९८३ मध्ये पक्षाने ५.६ टक्के मते मिळवून पाच टक्क्यांचा उंबरठा ओलांडला. २८ जण बॉनच्या संसदेत शिरले, स्वेटर घालून आणि हातात कुंड्या घेऊन.

पक्षाचे नियमही वेगळे होते. निवडून आलेल्याने अर्ध्या मुदतीनंतर जागा पुढच्याला द्यायची आणि पक्षातले पद व संसदेतली जागा एकाच माणसाकडे ठेवायची नाही. यामागे व्यावसायिक राजकारणी तयार होऊ नयेत हा हेतू होता. व्यवहारात माणसे कामात मुरत तोवर त्यांची पाळी संपत असे. पुढे हे नियम सैल होत गेले. पक्षात ‘रेआलो’ म्हणजे वास्तववादी आणि ‘फुंडी’ म्हणजे तत्त्वाग्रही असे दोन गट पडले. वास्तववादी गटाचे योश्का फिशर १९८५ मध्ये हेसे राज्यात पर्यावरणमंत्री झाले आणि पायात पांढरे खेळाचे बूट घालून शपथेला गेले. त्यानंतर काही महिन्यांतच चेर्नोबिलचा अपघात झाला.

पहिला मोठा धक्का १९९० मध्ये बसला. सगळा देश एकीकरणाने भारावलेला असताना पक्षाने हवामानबदलावर प्रचार केला आणि पश्चिमेत तो ४.८ टक्क्यांवर अडकून संसदेबाहेर गेला. पूर्वेकडच्या नागरी हक्क कार्यकर्त्यांच्या ‘ब्युंडनिस ९०’ने आठ जागा राखल्या. १९९३ मध्ये दोघांचे विलीनीकरण झाले. कडवे फुंडी तोवर बाहेर पडले होते आणि उरलेला पक्ष सत्तेच्या तयारीला लागला होता.

सत्तेत गेल्यावर

पश्चिम युरोपात राष्ट्रीय सरकारात बसणारा पहिला हरित पक्ष मात्र फिनलंडचा. १९९५ मध्ये पाच पक्षांच्या आघाडीत पेक्का हाविस्तो पर्यावरणमंत्री झाले. नवीन अणुभट्टीला मंजुरी मिळाली म्हणून २००२ मध्ये पक्ष सरकारातून बाहेर पडला आणि तशाच कारणाने २०१४ मध्ये पुन्हा.

जर्मनीत १९९८ मध्ये सोशल डेमोक्रॅट आणि हरित यांचे सरकार आले, फिशर परराष्ट्रमंत्री झाले. वर्षभरात कोसोव्होवरून युद्धाचा प्रश्न उभा राहिला. अहिंसेला आधारस्तंभ मानणाऱ्या पक्षाचा मंत्री नाटोच्या हवाई हल्ल्यांचे समर्थन करत होता. मे १९९९ मध्ये बीलेफेल्डच्या अधिवेशनात एकाने फिशर यांच्यावर लाल रंगाने भरलेली पिशवी फेकली आणि त्यांच्या कानाचा पडदा फाटला. तरीही अधिवेशनाने त्यांची बाजू उचलून धरली. त्याच सरकारने २००० मध्ये अक्षय ऊर्जेचा कायदा केला. सौर वा पवनऊर्जा तयार करणाऱ्याला वीस वर्षे ठरलेला दर मिळण्याची हमी त्यात होती. शेतकऱ्यांनी गोठ्यांच्या छपरांवर पॅनेल चढवले, गावोगाव ऊर्जा सहकारी संस्था निघाल्या. २००० मध्ये जर्मनीच्या विजेत अक्षय ऊर्जेचा वाटा सहा टक्क्यांच्या आसपास होता, २०२३ मध्ये तो निम्म्याहून अधिक झाला. सौर पॅनेल जगभर स्वस्त होण्यात या कायद्याने तयार केलेल्या मागणीचा मोठा हात आहे. हरित पक्षांच्या कामगिरीचा हिशेब मांडताना टीकाकारही हा कायदा वगळत नाहीत.

सत्तेची दुसरी बाजू आयर्लंडने दाखवली. तिथला हरित पक्ष २००७ मध्ये सहा जागांनिशी सत्तेत सहभागी झाला. आर्थिक अरिष्ट आले, बँका वाचवण्यासाठी बाहेरून कर्ज घ्यावे लागले आणि २०११ मध्ये पक्षाच्या सहाच्या सहा जागा गेल्या. २०२० मध्ये त्याने १२ जागांसह पुनरागमन केले, पुन्हा सरकारात गेला आणि २०२४ मध्ये एका जागेवर आला. लहान भागीदार म्हणून सरकारच्या चुकांचे ओझे वाहायचे आणि श्रेय मोठ्यांना मिळायचे, हा अनुभव अनेक देशांतल्या हरित पक्षांना आहे.

ऑस्ट्रियात मात्र लहान भागीदाराने शेवटच्या क्षणी आपले मत बजावले. परंपरावादी पक्षासोबत सरकारात असलेल्या हरित मंत्री लेओनोरे गेवेस्लर यांनी जून २०२४ मध्ये चॅन्सेलरच्या विरोधाला न जुमानता युरोपच्या निसर्ग पुनर्स्थापना कायद्याला संमती दिली आणि कायदा मंजूर झाला.

मतदान पद्धतीचा हिशेब

पर्यावरणाची काळजी किती आहे यावरून हरित पक्षाला किती जागा मिळतील हे सांगता येत नाही. १९८९ च्या युरोपीय निवडणुकीत ब्रिटनच्या हरित पक्षाला जवळपास १५ टक्के, म्हणजे सुमारे २३ लाख मते मिळाली. जागा शून्य. कारण त्या वेळी तिथे ‘सर्वाधिक मते त्याची जागा’ हीच पद्धत होती. वेस्टमिन्स्टरमध्ये पहिली जागा २०१० मध्ये ब्रायटनहून कॅरोलाइन ल्युकस यांनी जिंकली. २०२४ मध्ये चार खासदार झाले, ते मोजके मतदारसंघ निवडून तिथेच ताकद लावल्यामुळे.

न्यूझीलंडमध्ये याच प्रश्नाचे उत्तर एकाच देशात पाहायला मिळते. व्हॅल्यूज पार्टीला १९७५ मध्ये पाच टक्क्यांहून अधिक मते मिळूनही जागा मिळाली नाही. १९९३ च्या सार्वमताने प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची मिश्र पद्धत स्वीकारली गेली आणि १९९९ पासून हरित पक्ष स्वबळावर सतत संसदेत आहे.

अमेरिकेत २००० सालची अध्यक्षीय निवडणूक अजून वादात आहे. निकाल ठरवणाऱ्या फ्लोरिडात बुश ५३७ मतांनी जिंकले आणि हरित पक्षाचे राल्फ नेडर यांना तिथे ९७ हजारांहून अधिक मते होती. ती मते अल गोर यांची होती, असे डेमोक्रॅट म्हणतात. नेडर यांचे मतदार मुळात दोन्ही पक्षांना कंटाळलेले होते आणि मत कोणाच्या मालकीचे नसते, असे हरित पक्षाचे म्हणणे.

युरोपच्या बाहेर

हरित पक्ष म्हणजे श्रीमंत देशांची चैन, हा समज पूर्ण खरा नाही. रबराच्या झाडांचा चीक गोळा करणाऱ्यांच्या लढ्यातून पुढे आलेल्या मारिना सिल्वा यांनी २०१० मध्ये ब्राझीलच्या हरित पक्षातर्फे अध्यक्षपद लढवले आणि १९ टक्क्यांहून अधिक मते घेतली. केनियात झाडे लावणाऱ्या स्त्रियांची चळवळ उभारणाऱ्या वंगारी मथाई यांनी ‘मझिंगिरा ग्रीन पार्टी’ स्थापन केली. २००४ मध्ये त्यांना नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. २००१ मध्ये कॅनबेरात जगभरच्या हरित पक्षांनी एकत्र येऊन समान सनद स्वीकारली.

नाव हिरवे असले तरी वाट एकच असते असे नाही. मेक्सिकोच्या हरित पक्षाने २००९ च्या सुमारास फाशीच्या शिक्षेची मागणी केली, तेव्हा युरोपच्या हरित पक्षांनी त्याची मान्यता काढून घेतली. लॅटव्हियाने २००४ मध्ये इंदुलिस एम्सिस यांच्या रूपाने जगातला पहिला हरित पंतप्रधान दिला. त्यांचा पक्ष शेतकरी पक्षाशी युती करून परंपरावादी भूमिका घेई. २०१९ मध्ये युरोपच्या हरित महासंघातून त्याला वगळण्यात आले.

लाट आणि ओहोटी

२०१९ मध्ये शाळकरी मुले हवामानासाठी रस्त्यावर आली आणि युरोपीय संसदेत हरित गटाच्या जागा ७४ झाल्या. जर्मनीत पक्षाला २०.५ टक्के मते पडली. २०२० मध्ये लियों, बोर्दो आणि स्ट्रासबुर्ग या फ्रेंच शहरांचे महापौरपद हरित उमेदवारांकडे गेले. २०२१ मध्ये जर्मनीत ११८ जागा जिंकून पक्ष पुन्हा सत्तेत आला. अनालेना बेअरबॉक परराष्ट्रमंत्री आणि रॉबर्ट हाबेक आर्थिक व्यवहार व हवामान मंत्री झाले.

मग रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि स्वस्त वायू बंद झाला. हरित मंत्र्यालाच कोळशाची वीज केंद्रे पुन्हा सुरू करावी लागली. जानेवारी २०२३ मध्ये कोळशाच्या खाणीसाठी ल्युत्सेराथ हे गाव रिकामे करण्यात आले. त्या बदल्यात पश्चिम जर्मनीतल्या त्या पट्ट्यातला कोळसा २०३८ ऐवजी २०३० मध्ये बंद करण्याचा करार हरित मंत्र्यांनी केला होता. चिखलात उभ्या असलेल्या तरुण आंदोलकांना तो पटला नाही. त्याच वर्षी घरांच्या हीटिंगचा कायदा आला. नव्याने बसवलेल्या यंत्रणेत ६५ टक्के अक्षय ऊर्जा असावी, असा त्याचा गाभा. जुने घर, तुटपुंजे निवृत्तिवेतन आणि हजारो युरोंचा खर्च यांची भीती घरोघर पोचली. अनुदानाचा तपशील नंतर आला. २०२४ मध्ये युरोपीय संसदेतल्या हरित गटाच्या जागा ५३ झाल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये जर्मन पक्ष ११.६ टक्क्यांवर आला आणि १८ ते २४ वयोगटात सर्वाधिक मते ‘दी लिंके’ या डाव्या पक्षाने घेतली. ऑस्ट्रेलियात २०२२ मध्ये कनिष्ठ सभागृहात मिळालेल्या चार जागांपैकी २०२५ मध्ये एकच राहिली.

अभ्यासकांची मतभिन्नता

हरित पक्ष का वाढतात, याचे सर्वांत गाजलेले उत्तर रोनाल्ड इंगलहार्ट यांनी १९७७ मध्ये दिले. युद्धानंतर सुबत्तेत वाढलेल्या पिढीला पोटापाण्याची चिंता कमी असते, म्हणून ती जीवनाच्या दर्जाकडे वळते. सुशिक्षित, शहरी, तरुण असा हरित मतदार युरोपात दिसतो तो या मांडणीला धरून आहे. रामचंद्र गुहा आणि हुआन मार्तिनेस-अलिएर यांनी दुसरी बाजू मांडली. जंगल, नदी, मासळी यांवर पोट असलेल्यांचाही पर्यावरणवाद असतो आणि तो टंचाईतून येतो. मारिना सिल्वा आणि वंगारी मथाई यांची वाटचाल या दुसऱ्या मांडणीशी जुळते.

तिसरी मांडणी बॉनी मेगिड यांची. छोट्या पक्षाचे भवितव्य मोठे पक्ष त्याच्या मुद्द्याला कसे वागवतात यावर ठरते, असे त्या दाखवतात. मोठ्या पक्षाने मुद्दा उचलला की छोट्याची मते गळतात. मोठ्या पक्षाने त्या मुद्द्याला कडवा विरोध केला, तर छोट्याला उलट बळ मिळते.

पक्षांच्या आतही मतभेद आहेत. हरित विकास शक्य आहे असे एका गटाला वाटते, तर दुसऱ्याला उत्पादन आणि उपभोग कमी केल्याशिवाय गत्यंतर दिसत नाही. अणुऊर्जेवरही एकवाक्यता उरलेली नाही. जर्मनीने एप्रिल २०२३ मध्ये शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या. त्याच्या आदल्या वर्षी फिनलंडच्या हरित पक्षाने अणुऊर्जेला शाश्वत ऊर्जा म्हणून आपल्या कार्यक्रमात स्थान दिले होते. तडजोडीचा वाद ऑस्ट्रेलियात सर्वांत तीव्र आहे. २००९ मध्ये हरित पक्षाने सरकारची कार्बन योजना फार सौम्य म्हणून सिनेटमध्ये विरोधात मत दिले. २०११ मध्ये अधिक सक्षम कायदा झाला, पण २०१४ मध्ये पुढच्या सरकारने तो रद्द केला. पहिली योजना टिकली असती का, यावर आजही तिथे एकमत नाही.

भारतात हरित पक्ष का उभा राहिला नाही

पर्यावरणाच्या चळवळींत भारत मागे नाही. मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांसोबत धरणाविरुद्ध सत्याग्रह केला तो १९२१ मध्ये, पेडर सरोवराच्या पन्नास वर्षे आधी. चिपको, सायलेंट व्हॅली, नर्मदा बचाओ आंदोलन यांची नावे जगभर माहीत आहेत. तरी राष्ट्रीय पातळीवर दखल घ्यावी असा हरित पक्ष इथे उभा राहिला नाही. मेधा पाटकर २०१४ मध्ये ईशान्य मुंबईतून लढल्या त्या आम आदमी पक्षाच्या उमेदवार म्हणून, आणि पराभूत झाल्या.

मतदान पद्धत हे याचे एक कारण आहेच. दुसरे कारण कोकणात दिसते. इथे प्रकल्पाला विरोध करणारा कोणीतरी मोठा पक्ष नेहमीच हजर असतो. एन्रॉनच्या वीज प्रकल्पाच्या विरोधावर शिवसेना-भाजप युतीने १९९५ ची निवडणूक लढवली, सत्तेत आल्यावर करार रद्द केला आणि पुढच्या वर्षी नव्या अटींवर मंजूर केला. जैतापूरच्या अणुप्रकल्पाला आणि नाणारच्या रिफायनरीला शिवसेनेने विरोध केला. नाणारची अधिसूचना २०१९ मध्ये रद्द झाली. शिवसेनेच्याच नेतृत्वाखालच्या सरकारने २०२२ मध्ये रिफायनरीसाठी बारसूची जागा केंद्राला सुचवली. मच्छीमार आणि बागायतदारांचा विरोध त्या त्या वेळी कोणत्या ना कोणत्या झेंड्याखाली गेला. टास्मानियासारखी रिकामी जागा राहिलीच नाही.

तिसरे कारण अधिक अवघड आहे. माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये पश्चिम घाटाबद्दलचा अहवाल दिला. केरळमधले इडुक्कीचे काँग्रेस खासदार पी. टी. थॉमस यांनी त्याचे उघड समर्थन केले. २०१४ मध्ये त्यांना उमेदवारी मिळाली नाही आणि अहवालाला विरोध करणाऱ्या शेतकरी संघटनेच्या पाठिंब्यावरचा उमेदवार तिथून निवडून आला. ज्यांच्या जमिनीवर बंधने येणार होती, त्यांना भरपाई काय हे कोणी सांगितले नव्हते.

उरलेले प्रश्न

सर्वच पक्ष जाहीरनाम्यात हवामानाबद्दल बोलू लागल्यावर स्वतंत्र हरित पक्षाचे काम काय, हा पहिला प्रश्न. एका बाजूचे म्हणणे असे की मुद्दा सर्वमान्य झाला हेच यश आहे. दुसरी बाजू निवडणुकीनंतर जाहीरनाम्यांचे काय होते याकडे बोट दाखवते. दुसरा प्रश्न डावे-उजवेपणाचा. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या मोटार उद्योगाच्या राज्यात विन्फ्रीड क्रेचमन हे २०११ मध्ये मध्यममार्गी भूमिकेवर जर्मनीचे पहिले हरित मुख्यमंत्री झाले, तर ब्रिटनचा हरित पक्ष घरभाडे आणि संपत्ती कराच्या मुद्द्यांवर डावीकडे सरकतो आहे. दोन्ही वाटांनी मते मिळतात, पण दोन्हींचा मतदार वेगळा आहे.

तिसरा प्रश्न खर्चाचा. घरगुती इंधन आणि वाहतूक यांच्या कार्बन उत्सर्जनावर किंमत लावण्याचा कायदा युरोपीय संघाने २०२३ मध्ये केला आणि गरीब घरांसाठी सामाजिक हवामान निधीही त्यासोबत मंजूर केला. हा कायदा लागू होईल तेव्हा जर्मनीत हीटिंगवरून झालेला वाद इतर देशांतही उभा राहू शकतो. त्या वेळी वाढीव बिल घरात आधी पोचते की निधीतली मदत, यावर पुढच्या दशकातल्या हरित पक्षांची मते बरीचशी अवलंबून असतील. ते वेळापत्रक आखणाऱ्या सरकारांपैकी थोड्याच ठिकाणी हे पक्ष आज सत्तेत आहेत.